झाडाचं बटण कुणाच्या हातात?

रिअ‍ॅलिटी शोवर दीर्घकथा लिहायची आणि तो शो जंगलात घडवायचा, असं ठरलं तेव्हा दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर एकच विचारलं, "जंगलच का?" मी व्यवहारातलं उत्तर दिलं. बंद घरातल्या शोचं सगळं मराठी वाचकाला पाठ आहे. २०१८ साली 'बिग बॉस मराठी' सुरू झालं तेव्हापासून नॉमिनेशन, कॅप्टन्सी, आधी चावडी आणि मग भाऊचा धक्का हे सगळं लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. घरावर कथा लिहिली की पहिल्या पानापासूनच वाचक 'हा म्हणजे अमुक, ही म्हणजे तमुक' करत बसणार. जंगलात निदान ते टळेल.

दुसरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. काही वर्षं मी एका वाहिनीच्या क्रिएटिव्ह टीममध्ये काम केलं आहे आणि रेकीला पुष्कळ हिंडले आहे. जागा बघायला गेलं की लोकेशन मॅनेजर आधी विचारतो, जनरेटरची गाडी कुठवर येईल? मग युनिटची बस कुठे वळेल, मग जेवणाचा मंडप, मग बाथरूम. धबधबा त्यानंतर. पडद्यावर जे घनदाट अरण्य दिसतं ते केबल पुरेल तितकंच असतं. ही गोष्ट मला फार दिवस डाचत होती, आणि कथा खरं तर तिच्यावरच लिहायची होती.

लिहायला बसण्याआधी वाचायचं ठरवलं. रिअ‍ॅलिटी शो हाच विषय असलेल्या कादंबऱ्या आणि चित्रपट इंग्रजीत ढीगभर आहेत. त्यांतले जे निसर्गात घडतात तेवढे काढले आणि एका वहीच्या पानाचे दोन भाग केले. डावीकडे त्या गोष्टीतलं झाड, पाणी, आभाळ, प्राणी. उजवीकडे ते कोण चालवतं. समीक्षेच्या पुस्तकात समुद्र म्हणजे नेणीव, अरण्य म्हणजे आदिम वासना अशी कोष्टकं सापडतात, पण वाहिनीत काम केलेल्या बाईला ती पटत नाहीत. मला आधी स्विच कुठे आहे ते बघायची सवय.

सुरुवात अर्थातच सुझॅन कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'पासून (२००८). रात्री टीव्हीवर चॅनल बदलत असताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे युद्धाची दृश्यं, ती दोन्ही डोक्यात एकमेकांत मिसळली आणि तिथून कल्पना सुचली, असं कॉलिन्सनं सांगितलं आहे. मुलांना एकमेकांना मारायला लावणारा तो खेळ सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कथानकात शिरत नाही. माझ्या वहीत जे उतरलं ते सांगते. पाइनचं जंगल, तळं, ओढे, उंच वाढलेलं गवत. उजवीकडे सगळ्यांपुढे एकच नोंद: गेममेकर, म्हणजे तो खेळ पडद्याआडून चालवणारी माणसं. मुलं एकमेकांपासून लांब गेली की आगीचे गोळे येतात आणि त्यांना परत जवळ आणतात. शेवटची गाठ तळ्याकाठी पडावी म्हणून ओढे आटवले जातात. माझ्या नोकरीच्या भाषेत याला 'टीआरपी पडतोय, काहीतरी करा' म्हणतात.

पण सगळ्यात जास्त वेळ मी एका छोट्या परिच्छेदावर अडकले. पूर्वी एका वर्षी मैदानात जाळायला लाकूडच नव्हतं आणि कितीतरी मुलं रात्री थंडीनं गारठून मेली, असं कादंबरीची नायिका कॅटनिस आठवून सांगते. राजधानीतल्या प्रेक्षकांना ते फार बेचव वाटलं, कारण रक्त नाही, आरडाओरडा नाही. तेव्हापासून मैदानात बहुतेक वेळा लाकूडफाटा असतो. म्हणजे ती झाडं तिथे सावलीसाठी नाहीत, पाखरांसाठी नाहीत. गारठून मरणं टीव्हीवर बघवत नाही म्हणून आहेत. एका वाक्यात झाडाचा सगळा अर्थ बदलतो, आणि लेखिका त्यावर भाष्य करायला थांबतही नाही. त्यातच भर म्हणजे जुनी मैदानं जपून ठेवलेली असतात आणि राजधानीतले लोक तिथे सुट्टी घालवायला जातात. आपल्याकडे मालिकेचा वाडा बघायला सहली निघतात, तो प्रकार आठवून मी ते पान मिटलं.

दुसऱ्या भागातलं (२००९) मैदान म्हणजे सरळ घड्याळच. बारा फाका, प्रत्येक तासाला एकीत संकट: वीज, रक्ताचा पाऊस, विषारी धुकं, माकडं, लाट. बरेच वाचक याला नुसती करामत म्हणतात. मला तो भाग पहिल्यापेक्षा हुशार वाटला, कारण तिथे निसर्गाचं वेळापत्रक झालेलं आहे, आणि वेळापत्रक एकदा कळलं की ते स्पर्धकांच्याही कामी येतं. ठरलेल्या वेळी ठरलेल्या झाडावर वीज पडते, म्हणून तर कॅटनिस तार बांधलेला बाण आभाळात मारू शकते. आभाळ कोसळतं आणि वर छत होतं हे दिसतं.

उजवीकडची जागा रिकामी राहिली ती दोनच ठिकाणी. एक, कॅटनिस राहते त्या बाराव्या जिल्ह्याच्या कुंपणाबाहेरचं खरं जंगल. कुंपणात चोवीस तास वीज असायला हवी, पण बहुतेक वेळ ती नसते. त्या भारनियमनाच्या कृपेनं कॅटनिस शिकार शिकते. दोन, मॉकिंगजे हा पक्षी. राजधानीनं हेरगिरीसाठी प्रयोगशाळेत नर पाखरं तयार केली, काम संपल्यावर ती मरायला सोडून दिली, आणि त्यांनी रानातल्या माद्यांशी जोड्या जमवून भलतीच जात जन्माला घातली. बंडाचं चिन्ह गरुड नाही, सिंह नाही; सत्तेच्या हातून निसटलेलं एक पाखरू आहे. इथे माझ्या पानाला पहिल्यांदा काहीतरी आकार आला. ज्याचं बटण कुणाच्याच हातात राहिलेलं नाही, ते चिन्ह होतं.

मग 'द ट्रूमन शो' (१९९८) पुन्हा पाहिला, या वेळी आवाज बंद करून, फक्त आभाळ बघत. यातला ट्रूमन जन्मापासून एका प्रचंड सेटवर राहतो आणि त्याचं जगणं त्याच्या नकळत टीव्हीवर दाखवलं जातं. सुरुवातीलाच वरून एक दिवा रस्त्यावर आदळतो आणि त्यावर व्याधाच्या ताऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. किनाऱ्यावर बसलेल्या ट्रूमनवर पाऊस पडतो तो नेमका त्याच्या अंगापुरता. तो सरकतो, पाऊस त्याच्यामागे सरकतो. माझ्या ओळखीच्या प्रत्येक लाइटवाल्याला हा प्रसंग अतोनात आवडतो. चंद्राच्या आत कंट्रोल रूम आहे आणि रात्री हरवलेल्या माणसाला शोधायचं म्हणून दिग्दर्शक सूर्य उगवायला सांगतो. आणि समुद्र! ट्रूमननं बेटावरून जाऊ नये म्हणून लहानपणी त्याच्या बापाला त्याच्या डोळ्यांदेखत बुडवण्याचं नाटक केलेलं आहे. पाण्याची ती भीती म्हणजे कुंपणच, फक्त ते मुलाच्या आत घातलेलं. शेवटी तो त्याच पाण्यावर होडी घालतो, दिग्दर्शक वादळ सोडतो, आणि होडीचं टोक रंगवलेल्या आभाळात घुसतं. समुद्र खोटा, वादळ खोटं, आभाळ खोटं. बुडायची भीती तेवढी खरी. ही एवढी एक ओळ मी जाड अक्षरांत लिहून ठेवली, कारण माझ्या कथेला ती लागणार होती.

सगळ्यात जुनं काम सापडलं ते १९६८चं. नायजेल नीलनं बीबीसीसाठी लिहिलेलं 'द इयर ऑफ द सेक्स ऑलिम्पिक्स' नावाचं टीव्ही नाटक, रिअ‍ॅलिटी शो हा शब्दही कुणाला माहीत नसतानाचं. पडद्यासमोर सुस्त पडलेल्या प्रेक्षकांना जागं करायचं म्हणून एका कुटुंबाला थंड, ओसाड बेटावर सोडतात आणि त्यांचं जगणं दिवसरात्र दाखवतात. त्या माणसांना वाटतं, चला, अखेर खऱ्या हवेत, खऱ्या मातीवर आलो. मुलगी आजारी पडून मरते. मग बेटावर गुपचूप एक खुनी सोडलेला आहे हे कळतं. प्रेक्षक हसतात. इथे बेट अगदी खरं आहे, वारा खरा आहे, बटण कशाचंच नाही. तरीही ते सुटत नाहीत, कारण खरेपणा हाच विकायचा माल आहे. मूळ रंगीत नाटकाची आता काळी-पांढरी प्रतच उरली आहे, त्यामुळे ते बेट आणखीच भकास दिसतं.

माझ्या नुकत्याच आकाराला आलेल्या सिद्धांताला इथे चांगलाच धक्का बसला, आणि बरं झालं. मराठी कथेत 'शहर खोटं, रान खरं' हा साचा इतका वापरून झाला आहे की माझी लेखणीही आपसूक तिकडे वळत होती. शहरातून थकून आलेली बाई, पहिला पाऊस, मातीचा वास, डोळ्यांत पाणी. नको.

अलेक्झांड्रा ओलिव्हाची 'द लास्ट वन' (२०१६) त्याच आठवड्यात हाती लागली. जंगलातल्या शोमध्ये एका स्पर्धक बाईला एकटीनं वाट काढायचं आव्हान मिळतं. दरम्यान बाहेरच्या जगात साथ पसरते आणि माणसं मरतात. शो कधीच बंद पडलेला असतो, पण तिला ते ठाऊक नाही. रिकामी गावं तिला सेट वाटतात, प्रेतं तिला बाहुल्या वाटतात. चष्मा नसल्यामुळे समोरचं धूसर, आणि मनात पक्कं बसलेलं की कुठेतरी कॅमेरा आहे. ट्रूमनला खोटं जग खरं वाटतं, हिला खरं जग खोटं वाटतं. बटण दाबणारा मेलेला आहे आणि ही अजून त्याच्या इशाऱ्याची वाट बघते आहे. भाषेच्या दृष्टीनं ही कादंबरी कॉलिन्सइतकी घट्ट नाही, मधे रेंगाळते. पण रिकाम्या जंगलात चालणाऱ्या त्या बाईचं दुःख मला त्या सगळ्या वाचनात सर्वांत खोल वाटलं.

आता माझं जंगल. सह्याद्री नक्की होता. त्यात चिन्ह म्हणून काय उभं करायचं?

पहिली उमेदवार करवी. सात वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर जांभळा करणारं झुडूप, आणि शंभर दिवसांत उरकायचा शो. विरोध इतका आयता होता की दोन पानं भराभर लिहून झाली. वाचून पाहिली तर करवी निबंधातल्यासारखी येऊन उभी होती. कुणाही पात्राला तिचं काही देणंघेणं नव्हतं. काढली. मग काजवे. पावसाआधी भंडारदऱ्याच्या, राजमाचीच्या बाजूला झाडंच्या झाडं एका लयीत लुकलुकतात. चित्रण करायला प्रकाश हवा आणि प्रकाश टाकला की काजवे बिथरतात, म्हणजे कॅमेऱ्याला न जुमानणारी गोष्ट. पण काजवे फार सुंदर असतात. वाचक 'वा' म्हणतो आणि पुढे जातो. तेही काढले.

पाऊस मात्र ठेवला, कारण पावसाबद्दलचं एक सत्य फक्त युनिटमधल्या माणसांना माहीत असतं. खरा पाऊस कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. मागून लाइट मारावा लागतो, थेंब जाड लागतात. म्हणून पावसाळी दृश्यासाठी टँकर मागवतात आणि खरा पाऊस आला की पॅकअप करतात. कथेत मी जूनच्या पहिल्या आठवड्यात स्पर्धकांना टँकरच्या पावसात उभं केलं. घाटमाथ्यावर खरे ढग जमलेले आहेत आणि प्रॉडक्शनवाला आभाळाकडे बघून शिव्या घालतो आहे. हा प्रसंग लिहायला अजिबात वेळ लागला नाही.

मध्यवर्ती जागा सापडली ती संगमेश्वर तालुक्यात. तिकडच्या एका मैत्रिणीबरोबर तिच्या गावची देवराई बघायला गेले. चपला बाहेर काढायच्या, आतली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत पाचोळा ओला. गारंबीचे वेल दंडाएवढे जाड, कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात कळत नाही. मी सवयीनं जनरेटर कुठवर येईल ते बघितलं. गाडी बऱ्याच अलीकडे थांबली असती. गुरवमामा बरोबर होते. त्यांना विचारलं, "मामा, इथे शूटिंग करायचं म्हटलं तर चालेल?" ते म्हणाले, "करा की. देव बघतोच आहे, तुमचा आणिक एक." मग जरा थांबून म्हणाले, "पण आधी कौल लावायला लागेल."

परतीच्या एसटीत कथा डोळ्यांपुढे आली. पाश्चात्त्य कथांमधलं जंगल रिकामं असतं, म्हणून तिथे कॅमेरा हा पहिला बघणारा ठरतो. आपल्या देवराईत आधीपासून कुणीतरी बघत बसलेलं आहे. शिवाय वाड्या आहेत, मानकरी आहेत, वनखातं आहे, वहिवाटीचे वाद आहेत. तिथे शोचा दिग्दर्शक नवखा. त्याच्याकडे वनखात्याचं पत्र आहे, ग्रामपंचायतीचा ठराव आहे, आणि देवाचा होकार यायचा आहे.

तर कथेत प्रॉडक्शन कौल लावायला तयार होतं. नुसतं तयार नाही, तीन कॅमेरे लावून ते चित्रित करायचं ठरवतं, कारण एपिसोडला छान सुरुवात मिळते. गुरव देवाच्या पाषाणाला उजवी-डावीकडे पाण्यानं फुलांचे कळे चिकटवतो. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. गाऱ्हाणं घालून होतं. सगळे बघतात. कळा पडत नाही. वेळ चालली आहे, शिफ्टचे तास मोजले जात आहेत, दिग्दर्शक विचारतो, "रिटेक होईल का?"

इथून पुढे काय, यावर मी महिनाभर अडले असेन. एका खर्ड्यात वाऱ्यानं कळा पाडला. पण तो वारा मीच सोडला होता, म्हणजे मी गेममेकर झाले. दुसऱ्यात एक असिस्टंट मागून हळूच फुंकर मारतो. ते विनोदी झालं, आणि देवाला हलकं करणारंही. तिसऱ्यात कळा पडतच नाही आणि युनिट परत जातं. त्यात गावाचा विजय होता, पण कथा तिथेच मेली.

उत्तर लाइटच्या सामानात मिळालं. हल्लीचे एलईडी दिवे थंड असतात, पण जुन्या टंगस्टनच्या दिव्याला भयंकर ताप असतो. जवळ उभं राहिलं तर गाल भाजतो. कमी बजेटच्या युनिटमध्ये असा एखादा दिवा निघतोच. कथेतला लाइटदादा पाषाणाचं रूप नीट यावं म्हणून तो उजव्या बाजूला लावतो. त्या तापानं पाणी वाळतं. उजवा कळा पडतो. होकार! टाळ्या, ड्रोन वर जातो, टास्क सुरू. आता हा कौल कुणी दिला? देवानं, दिव्यानं, की उजवी बाजू निवडणाऱ्या त्या दादानं? त्याला स्वतःलाच रात्री झोप लागत नाही. तो गुरवाकडे जाऊन कबूल करतो, तेव्हा गुरव विचारतो, "दिवा उजवीकडंच लाव म्हणून तुला कुणी सांगितलं?" दादा म्हणतो, कुणी नाही, तिकडेच जागा होती. गुरव पुढे काही बोलत नाही आणि मीही त्याला बोलू दिलं नाही.

नायिका सोलापूरची, कपड्यांच्या दुकानात बिलिंगला बसणारी. तिला मुद्दाम रानातलं काही येत नाही असं ठेवलं. कॅटनिससारखी जाणती मुलगी मला नको होती. कौलाच्या वेळी दिव्यासमोर उभं राहून तिच्याही गालाला ताप लागलेला असतो, त्यामुळे काय झालं ते स्पर्धकांत तिला एकटीला कळतं. ती सांगत नाही. सांगितलं तर शो बंद, आणि शो बंद तर मानधन बंद.

हस्तलिखित वाचून संपादकांचा फोन आला. कौल त्यांना आवडला होता, शेवट नाही. "अगं, तिला बसमध्ये काय बसवतेस? राहू दे की तिला रानात. मोठा शेवट होईल."

"सर, तिला घराचे हप्ते आहेत."

"कथेत हप्ते आड येतात का?"

"तिच्या आड येतात. आणि राहणार कुठे? ती देवराई चार वाड्यांची आहे. सकाळी कुणीतरी येऊन विचारेलच ना, तू कोण म्हणून."

ते हसले. त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा इंग्रजी सिनेमातलं अरण्य असावं, जिथे माणूस चालत गेला की मोकळा होतो. आपल्याकडे इतकं मोकळं रान मला तरी भेटलेलं नाही. शेवटी माझाच शेवट राहिला: शो संपतो, कला विभागाची मुलं थर्माकोलचे खडक यादीवर टिक करत टेंपोत भरतात, कारण ते भाड्यानं आणलेले आहेत, आणि ती खिडकीची जागा मिळावी म्हणून घाईनं बसमध्ये चढते. करवीचं एक पान मात्र मी शेवटच्या खर्ड्यात गुपचूप परत घातलं होतं. ते सरांनी न विचारता काढून टाकलं.